सात नंबरची बस, अडतीस डोकी

— अहो नाही, उठू नका, सिन्योरा फेरहूफ, आधी ती ग्रानिता संपवा, कॉफीचा बर्फ तो, वितळून चाललीय, आणि वितळलेली ग्रानिता म्हणजे कालच्या कॉफीचं गार पाणी — जहाज कुठं पळत नाही, साडेपाचला सुटायचंय, आत्ता कुठं पाच वाजताहेत, आणि बंदराचं फाटक इथून एकशे दहा पावलं आहे — मी मोजलीत, दुपारपासून सहा वेळा मोजलीत. बसा. मीही बसते. तुम्ही स्टेशनाच्या बाजूनं रमतगमत येताना दिसलात ना, हातात ग्रानिता, टोपी मागं सरकवलेली, तेव्हा मी धावतच सुटले — आनंदानं की रागानं, ते अजून ठरायचंय. काल रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. का, विचारा. बरं, नका विचारू, मीच सांगते — उद्या ताओर्मिनाच्या गर्दीत आपल्या हातून माणूस हरवणार, हा एकच किडा डोक्यात. या कुशीवर हरवतंय, त्या कुशीवर हरवतंय. आणि हरवलंच की! फक्त भलतंच हरवलं. मी रात्रभर काळजी केली हिची — ही, बाकाच्या टोकाला बसून बुटाचा पट्टा उघडतेय-लावतेय ती, माझी तिंदारा, पाच वर्षांची — आणि हरवलात तुम्ही, एकाहत्तर वर्षांच्या, पर्समध्ये नकाशा असलेल्या, चार भाषा येणाऱ्या. तुमची काळजी करायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. राग मानू नका हं.

आता मुद्द्याचं बोलते, वेळ थोडा आहे. फाटकाशी तो उभा आहे ना, निळ्या टायवाला, हातात फळी, फळीवर कागद — ते सिन्योर काकोपार्दो. जहाजवाल्यांचे इथले किनाऱ्यावरचे कारभारी. बस आली, सगळे जहाजावर चढले, शिडीवरच्या यंत्रात सगळ्यांची कार्डं टुणटुण वाजली, तुमचं वाजलं नाही, तेव्हापासून ते तिथं उभे आहेत आणि मी इकडून तिकडं. ते तुम्हाला एकच गोष्ट विचारणार, एकच — तुम्ही स्वतःहून गट सोडून गेलात, की गाईड तुम्हाला सोडून आली? बस. तुम्ही म्हणालात ‘स्वतःहून’, तर ते एक चौकोन भरतात, तुम्हाला थोडं लेक्चर देतात, विषय संपला. तुम्ही म्हणालात ‘गाईड’ — तर दुसरा चौकोन. दुसरा चौकोन भरला की ती गाईड पुढच्या बसवर दिसत नाही. पुढच्या म्हणजे पुढच्या कुठल्याच. मागं एक दोमेनिका होती, ग्रीक आणि लॅटिन दोन्ही तोंडपाठ, ती एका बेल्जियन जोडप्याला देवळात विसरली, आता ती पोरांच्या शिकवण्या घेते. म्हणून म्हणते, तुम्ही ‘स्वतःहून’ म्हणायचंय. आणि ते खोटं थोडंच आहे? तुम्ही गेलाच होतात की स्वतःहून! सव्वा वाजता कमानीखाली जमायचं, मी बसमध्ये सांगितलं, उतरताना सांगितलं, वर त्या ग्रीक थिएटरात सांगितलं, तुमच्या कानातल्या त्या यंत्रातून दोनदा ओरडले — कान किती लांब न्यायचे माणसानं?

मला ना, एकटं फिरणाऱ्या लोकांचं फार कौतुक आहे, खरंच. अकरा वर्षं बघतेय मी त्यांना. जहाज लागलं रे लागलं की हे पहिले उतरणार, पाठीला पिशवी, तोंडावर भाव असा की बेटाचा शोध आजच लागतोय. ‘आम्ही नाही बाबा त्या मेंढरांसारखे बसमधून जाणार.’ नका जाऊ. जा आगगाडीनं. आगगाडी अगदी छान आहे, समुद्राकाठानं जाते, आणि ताओर्मिना स्टेशनावर उतरवते — आणि मग हे लोक फलाटावर उभे राहून विचारतात, गाव कुठंय? गाव वर आहे, बाबा. डोक्यावर. मान मोडेपर्यंत वर बघ, तिथं. नकाशात डोंगर सपाट असतो ना, त्याला नकाशा तरी काय करणार? मग बसची वाट बघणार, बस येणार भरलेली, मग पायऱ्या चढणार, वर पोचेपर्यंत चेहरा सोललेल्या टोमॅटोसारखा, आणि तिथं पोचून काय बघणार, तर आमचीच मेंढरं थिएटरात बसून वारा खातायत. त्यातून तिकिटावर शिक्का मारायचा राहिलेला असतो. फलाटावर ते यंत्र असतं, त्यात तिकीट घालून शिक्का मारून घ्यायचा, नाही मारला तर तिकीट असून तुम्ही फुकटे — हे कुठल्याही पुस्तकात ठळक लिहिलेलं असतं, तरी दरवेळी तपासनीसासमोर एक जर्मन माणूस आणि त्याची बायको, एकमेकांकडे बघत, ‘तू वाचलं होतंस.’ ‘तू वाचलं होतंस.’ दीड वाजता दुकानं बंद होतात तेव्हा तर यांना वाटतं, गावात कोणी मेलं. आणि संध्याकाळी — संध्याकाळी बघावं. इथंच, याच बाकासमोरून पळत जातात, एका हातात चप्पल. जहाज त्यांच्यासाठी थांबत नाही. बसवाल्यांसाठी थांबतं, त्यांच्यासाठी नाही. एकदा एक माणूस इथं उभा राहून जहाजाला हात हलवत होता, मी म्हटलं, कोणाला निरोप देतोय बिचारा, तर म्हणतो, माझ्या सामानाला.

काय म्हणालात? — हो, तुम्हीही आगगाडीनंच आलात. — शिक्का मारलात? — मारलात. कोणी सांगितलं? — वाचलं होतंत. बरं. डच लोक वाचतात, हे ऐकून होते. — आणि त्याआधी बागेत बूट काढून पडलात. — आणि समुद्राकडची खिडकी मिळाली. — आणि ग्रानिता स्टेशनासमोरच्या त्या बुटक्या दुकानातली? तिथली? अहो, ते दुकान मी कोणाला सांगत नाही! आम्ही घरचे लोक जातो तिथं. तुम्हाला कसं — वास आला. वासानं गेलात. ठीक आहे. मला यावर काही बोलायचं नाही.

नाही, पण तुम्हीच सांगा, तुम्ही तिकीट काढलं होतंत ना बसचं? छातीवर सात नंबरचा गोल चिकटवून घेतला होतात ना? मग? एकदा गोल चिकटवला की मग मेंढरू म्हणजे मेंढरू. मी काही वाईट अर्थानं नाही म्हणत. मी तर मेंढपाळच आहे, माझ्याकडे काठीच्या जागी सातची पाटी. पाटी वर, सगळे चालले. पाटी खाली, सगळे थांबले. एकदा मी पाटीनं कानामागं खाजवलं तर बावीस माणसं डावीकडे वळली. त्यांना सांगते, इथं फोटो, ते काढतात फोटो. सांगते, तो ढगामागं आहे तो एटना ज्वालामुखी — ढग असतोच, अकरा वर्षांत निम्म्याहून जास्त दिवस ढग — तर ते ढगाचा फोटो काढतात. सांगते, आता चाळीस मिनिटं मोकळा वेळ, आपापलं फिरा. मोकळा वेळ! त्यातली वीस मिनिटं बायका बारच्या संडासाच्या रांगेत, दहा मिनिटं लिंबाच्या चित्रांच्या ताटल्यांपुढं, आणि उरलेली दहा कमानीखाली येऊन उभ्या, कारण बस चुकली तर? अडीच हजार वर्षांचं गाव, आणि सगळ्यांची नजर माझ्या पाटीवर. जहाजावर परत गेल्यावर त्यांना काय आठवत असेल? मला वाटतं, मी. माझी पाठ. तेच तेच विनोद — ग्रीकांनी थिएटर बांधलं, रोमनांनी देखावा अडवला, आणि आता तुम्ही त्याच्यापुढं उभे राहताय, जरा सरका — अकरा वर्षं याच जागी याच शब्दांत, आणि अकरा वर्षं लोक हसतात. मी इतिहास शिकलेय, सिन्योरा. भूकंपावर दोनशे पानं लिहिलीत, या शहराच्या, एकोणीसशे आठच्या. कोणी वाचली? प्राध्यापकांनी, आणि मला वाटतं त्यांनीही चाळली. आणि माझी बस सकाळी या शहरातून बाहेर पडते तेव्हा मी म्हणते, ‘हे मेस्सीना,’ आणि आपण बोगद्यात शिरतो. एवढंच. ‘हे मेस्सीना,’ आणि अंधार.

म्हणून राग येतो. तुमचा नाही — हो, तुमचाच, खरं तर. मी तुम्हाला ताओर्मिना दाखवण्यासाठी तीन वेळा घसा खरवडायचा, आणि तुम्ही बागेतल्या बाकावर बूट काढून झोपायचं, हे — झोपला होतात ना? तुमच्या गालावर बाकाच्या पट्ट्या उमटल्यात अजून. दोन. माझ्या गालावर पाच वर्षांत काही उमटलं नाही. मी एकटी कुठं म्हणजे कुठं गेलेली नाही. संडासातसुद्धा दाराखालून बोटं येतात. नवरा आहे, प्लाचिदो, चांगला आहे, तो पलीकडच्या किनाऱ्याच्या फेरीबोटीवर — दिवसातून दहा वेळा समुद्र ओलांडतो आणि कुठंच पोचत नाही. सासूबाई आहेत, वरच्या मजल्यावर राहतात, हिचं नाव त्यांचंच, पहिली मुलगी म्हणजे सासूचं नाव, ते ठरलेलंच असतं, मला विचारलंसुद्धा नाही — त्या कधी नव्हे त्या आज बहिणीकडे, बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन. आणि शाळेत संप. शुक्रवारीच संप करतात हे लोक, म्हणजे शनिवार-रविवार जोडून येतो. मग ठेवू कुठं हिला? शेजारीण म्हणाली, ठेव माझ्याकडे, पण शेजारणीच्या गॅलरीचा कठडा हलतो. तो कठडा रात्री तीन वाजता माझ्या डोक्यात पन्नास वेळा पडला. म्हणून म्हटलं, डोळ्यासमोर असलेली बरी. बसमध्ये घेतलं. नियमात बसत नाही, गाईडनं घरचं माणूस बसमध्ये आणायचं नाही, ते विमा की काय म्हणतात त्यामुळं — सारोनं, ड्रायव्हरनं, डोळे मिटले, त्याला नातवंडं आहेत. आणि तुम्ही तिला ती काळी खारट गोळी दिलीत, तुमच्या देशातली, ती तिनं अर्धा तास तोंडात धरून ठेवली, गिळवेना आणि थुंकवेना, तेव्हा मला तुम्ही फार आवडलात. म्हणून म्हणते, सिन्योर काकोपार्दोंसमोर हिचा विषय काढू नका. ही बसमध्ये नव्हतीच. ही आत्ता आजीकडून आली. तिंदारा, तू कुठून आलीस? — बघा, गप्प. दुपारपासून गप्पच आहे. रुसलीय माझ्यावर.

का? — काही नाही हो, पोरांचं काय, कशावरूनही — ते आपलं — बरं, सांगते, तुम्हाला सांगायला काय हरकत आहे, तुम्ही साडेपाचला समुद्रात. परत निघताना काय होतं, वरच्या बसतळावर प्रत्येक बसची वेळ ठरलेली, तुमची सरली की मागची बस भोंगा वाजवते, मग तिच्या मागची, पोलीस शिट्टी फुंकतो, आणि मला त्यात डोकी मोजायची असतात. सकाळी तिकिटं अडतीस. म्हणजे निघताना डोकी अडतीस. हे आमचं धर्मकार्य समजा — दार लावायच्या आधी मोजायचं, कागदावर आकडा, वेळ, सही, आणि मगच सारोला ‘चला’. अकरा वर्षांत एकदाही चुकलं नाही. मी घरीसुद्धा मोजते. जेवायला बसलो की मोजते. तीनच असतो, तरी मोजते. आज मोजलं — पुढून मागं गेले, एक, दोन, तीन, माझ्या डोक्यात कमानीखालची गर्दी, आणि तिंदारा कुठंय, तिंदारा कुठंय, आणि मागून भोंगा — पस्तीस, छत्तीस, सदतीस, आणि तुमच्या खिडकीजवळ सीटच्या वर केस दिसले, न बघता हात ठेवला — अडतीस. लिहिलं. सही केली. चला.

आता तुम्ही अशा बघू नका माझ्याकडे. हो. तीच. जाताना ती पुढं सारोच्या शेजारी बसली होती, येताना तुमच्या जागेवर जाऊन बसली, तुम्ही तिला येताना खिडकी देणार होतात म्हणे, वचन दिलं होतंत. मग ती बसणारच की! तिला वाटलं, तुम्ही येताय. रात्रभर जिच्या नावानं जागले, ती समोर बसलीय, सुखरूप, आणि मी तिला प्रवासी म्हणून मोजून मोकळी. काखेत कळसा म्हणतात तो हा, फक्त इथं कळसा काखेत आणि गावभर वळसा तुम्हाला पडला. पण तुम्ही कमानीखाली आला असतात तर आकडा एकोणचाळीस आला असता, मला लगेच कळलं असतं, मग चूक कोणाची? — माझी. हो, माझीच. मला माहितीये. मगाशी मी कानाच्या लांबीबद्दल बोलले ते चोराच्या उलट्या बोंबा होत्या, ते मागं घेते.

आणि — हे नको होतं सांगायला — पण आता निम्मं बाहेर आलंच आहे. ती बोलली होती. तिंदारा. बस हलली आणि ती म्हणाली, ‘आई, टोपीवाली आजी कुठंय?’ स्पष्ट म्हणाली. दोनदा म्हणाली. आणि मी काय म्हणाले? मी माईक हातात घेत होते, ‘आता आपण परतीच्या वाटेला’ सुरू करायचं होतं, मी म्हटलं, ‘गप्प बस, तिंदारा, आई काम करतेय.’ मग ती गप्प बसली. बोगद्यांत गप्प, बंदरावर गप्प, सहा वेळा मी तिला फरफटत स्टेशनापर्यंत नेलं, तेव्हाही गप्प. पाच वर्षं मी तिला शिकवतेय, काही वेगळं दिसलं की आईला सांगायचं, लगेच सांगायचं, घाबरायचं नाही. तिनं सांगितलं. आता पुढच्या वेळी सांगेल? तुम्हाला मुलं आहेत? — तीन. मग त्यांना तुम्ही कधी — नाही, नकोच सांगू. मला आत्ता कोणाचंही चांगलं वागणं ऐकवत नाही.

दुसरा चौकोन भरला तर माझं काय होईल हे मी मघाशी दोमेनिकावर ढकललं, पण तेही सांगूनच टाकते. हिवाळ्यात जहाजं नसतात. एप्रिल ते नोव्हेंबर जे काय ते. प्लाचिदो म्हणतो, सोड ती पाटी, घरी बस, आई दमलीय पोरीला सांभाळून. सासूबाई काही म्हणत नाहीत, त्या गुडघ्याला हात लावून उसासा सोडतात, तो उसासा स्वयंपाकघरात माझ्या मागं मागं फिरतो. घरात मी बोलते ते कोणी ऐकत नाही, सिन्योरा. बसमध्ये अडतीस माणसं ऐकतात. कान बंद करता येत नाहीत त्यांना, यंत्र असतं. हसा, हसा. पण थिएटराच्या वरच्या पायरीवर मी उभी असते ना, पाटी वर करून, विनोद शिळा असला तरी — मी तिथं माझ्या नावानं असते, नुसती लेत्तेरिया. कोणाची आई नाही, सून नाही. ते गेलं तर मग — मग मी आयुष्यभर तीन डोकी मोजत बसणार.

म्हणून तुम्हाला विनंती करतेय. मला माहितीये, तुम्हाला खोटं बोलायला सांगतेय, तेही लहान मुलीसमोर. काल मी हिला खोटं बोलली म्हणून कोपऱ्यात उभं केलं होतं. पण तुम्ही — काय? — कुठून दिसली? — माझी बस? — थांबा, थांबा. परत सांगा. बागेच्या कठड्यावरून खाली रस्ता दिसतो, तो रस्ता, वळणाचा, हो — आणि तुम्ही कठड्याशी उभ्या होतात — आणि बस खालून चालली होती, सात नंबर — आणि खिडकीत — हिला पाहिलंत? तिंदाराला? ती वर बघत होती? — आणि तुम्ही हात केलात? — नाही केलात. हात नाही केलात! — झाडामागं सरकलात! सिन्योरा फेरहूफ! एकाहत्तर वर्षांच्या बाईनं कण्हेरीमागं लपायचं? — नाही, मी हसत नाही. मी रडत नाही. मी — काय म्हणता? तुमची तीन बंदरं झाली, तीनही ठिकाणी छातीवर गोल, तेरा नंबर, दोन नंबर, बावीस नंबर, आणि आज तुम्हाला वाटलं, बास. यंत्र काढून पर्समध्ये टाकलंत. अहो, मग तुम्ही हे मला मगाशीच का नाही सांगितलं? पहिल्या वाक्याला? — मी बोलू दिलं नाही. हे प्लाचिदोही म्हणतो.

म्हणजे खोटं नाहीच! मादोन्ना, अगदी खरं आहे! स्वतःहून! तुम्ही स्वतःहून गट सोडलात, बस डोळ्यांनी बघितलीत, सोडलीत, पहिला चौकोन, शंभर टक्के पहिला चौकोन, आणि मी इथं बसून पाऊण घर तुमच्यापुढं उपसलं — सासूबाई, कठडा, उसासे — उगाच! विसरून जा हं ते सगळं. सासूबाई फार चांगल्या आहेत. आणि एकट्या फिरणाऱ्यांबद्दल मी जे म्हणाले तेही — तो सामानाला हात हलवणारा खरा होता, पण बाकीचे तसे धाडसी लोक असतात. तुम्ही तर काय, वासावरून ग्रानिता शोधलीत! पुन्हा कधी आलात तर मला कळवा, गोल न चिकटवता फिरू आपण, मी तुम्हाला मेस्सीना दाखवीन, बोगद्यात न शिरता. माझी दोनशे पानं आहेत अजून. — पुसा, ओठांवर कॉफीची मिशी आलीय. — आले. काकोपार्दो इकडंच येतायत, त्यांना धीर नाही. तिंदारा, बूट घाल. राणी, तू काही बोलायचं नाहीस, काही झालं तरी —

सापडल्या, सिन्योर काकोपार्दो, सापडल्या! ह्या काय, धडधाकट! मी म्हटलं नव्हतं? — नाही, नाही, तुम्ही त्यांनाच विचारा, मी मध्ये बोलणार नाही. — ऐकलंत? स्वतःहून. त्यांच्याच तोंडून. बस पाहिली, लपल्या, अहो, कण्हेरीमागं! असे प्रवासी असल्यावर गाईडनं काय करायचं? — लिहा ना. पहिला चौकोन. — सही त्या करतील, पेन आहे का, हे घ्या माझं. — झालं. चला, सिन्योरा, लेक्चर चालता चालता ऐका, भोंगा होईल आता — काय? कुठला कागद? — हो, ती माझी सही. दीड वाजताची, ताओर्मिनातून निघतानाची. — अडतीस. हो, अडतीसच लिहिलंय. — नाही, बरोबर, ह्या बसमध्ये नव्हत्या तर मग सदतीस हवेत. सदतीसच असणार. — मग अडतीस कसे? ते — ते काय झालं, भोंगे वाजत होते, पोलीस शिट्टी — सारो! मी सारोला धरलं असणार मोजणीत, ड्रायव्हरला — हां, खाली उभा होता, दाराशी, खरंय, तो खालीच असतो — मग एखादं डोकं दोनदा — अकरा वर्षांत कधी — तिच्याकडे काय बघताय, साहेब, ती लहान आहे, ती आत्ता आजीकडून, तिला ह्यातलं काय — तिंदारा, मोठी माणसं बोलताना मध्ये —

“अडतीस नंबर माझा होता. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘अडतीस, चला.’”